डोंगरकाकांची माणसं

संग्रहालयाच्या तळघरात आमची टेबलं शेजारी शेजारी. मी मातीच्या फुटक्या पाट्यांचे तुकडे जोडतो. त्यांवरची जुनी लिपी वाचायचं काम डोंगरकाकांचं. हे नाव ऑफिसनंच ठेवलेलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनांनी मजुरांच्या हजेरीत काही नावांपुढे 'डोंगरी' अशी खूण केलेली आहे. ती माणसं वेगळ्या जमातीची होती, हे दाखवण्यात काकांनी एकतीस वर्षं घातली. प्रत्येक नावाचं एक कार्ड, अशी चार हजार कार्डं, तीही काकूंच्या अक्षरात. लिहून लिहून काकूंचे डोळे गेले. मूलबाळ नाही. "चार हजारांचं खटलं आहे आमचं," असं काका म्हणायचे आणि आम्ही दर वेळी हसायचो.

पुस्तक महिन्याभरात छापायला जायचं होतं. मंगळवारी मला एका पाटीचा खालचा अर्धा भाग सापडला. वरचा भाग काकांचा लाडका: दगड वाहणारे अकरा डोंगरी. खालच्या भागात तेच अकरा, तेच बाप, तोच क्रम. पुढच्या महिन्यात बागेच्या कामावर. 'डोंगरी' कुठेच नाही. म्हणजे जमात वगैरे काही नव्हतीच. दगड वाहणाऱ्या टोळीला कारकून डोंगरी म्हणायचा, एवढंच.

तुकडा पेटीत परत टाकावा असं वाटलं. कोण विचारणार होतं? टाकला नाही, आणि त्या प्रामाणिकपणाची मला आजही चीड येते.

काकांनी दोनदा वाचलं. सांध्यावरून नख फिरवलं.

"जोड पक्का?"

"पक्का, काका."

"दुसऱ्या पाटीचा असेल रे. माती बघ जरा."

"बघितली. तीच आहे."

"तुला थोडं खोटं बोलता येत नाही का?" मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

मग त्यांनी कार्डांचे खण उपसले. दगडकाम, दगडकाम, दगडकाम. कार्डांवर सगळं लिहिलेलंच होतं. कामाचा तो रकाना कधी कुणी वाचलाच नव्हता.

साडेपाचला फोन वाजला. काकूंचा, रोजच्यासारखा. आवाज खणखणीत, मलाही ऐकू आला.

"आज किती सापडले हो आपले?"

काकांनी कार्डांवर हात ठेवला. "अकरा."

"अगं बाई! एकदम अकरा? घरी आलात की एकेक नाव वाचून दाखवा हं मला."

काका हो म्हणाले. फोन ठेवून त्यांनी अकराही नावं कागदावर उतरवली, बापांच्या नावांसकट, आणि घडी करून खिशात ठेवली.