गरीब व होतकरू

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दरवर्षी मेच्या शेवटी एक कागद लागायचा. 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना पुस्तकपेढीतर्फे पाठ्यपुस्तके देण्यात येतील. अर्ज सेक्रेटरींकडे मिळतील.' त्यातल्या 'व'कडे कुणाचं लक्ष जात नसे. नुसतं गरीब असून भागायचं नाही, होतकरूही असायला हवं. होतकरूपणा मार्कशीटवर दिसायचा. गरिबी बघायला कमिटी घरी जायची.

मी गरीब नव्हतो आणि होतकरू तर अजिबातच नव्हतो. तरी मी त्या कमिटीवर होतो.

ऐंशीच्या दशकातली पहिली काही वर्षं. अकरावी सायन्समधून कॉलेजने मला वर ढकललं होतं आणि बारावीत मी दोनदा आपटलो होतो. वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. दुसऱ्या निकालानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एका रविवारी हापूसची पेटी घेऊन साहेबांच्या घरी गेले, आणि पुढच्या महिन्यात मी त्याच कारखान्याच्या स्टोअर्समध्ये चिकटलो. काम काय, तर नटबोल्टच्या खोक्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. पण सकाळी शर्ट खोचून कंपनीच्या बसची वाट बघत उभा राहायला लागलो, तसा सोसायटीत माझा भाव वाढला. सेक्रेटरी म्हणाले, ''तुमच्यासारखे स्वतःच्या पायावर उभे असलेले तरुण कमिटीत हवेत.'' हे पाय आंब्याच्या पेटीवर उभे होते हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली.

कमिटीवर आल्याआल्या मी माझा अकरावीच्या सायन्सच्या पुस्तकांचा पूर्ण संच पुस्तकपेढीला देऊन टाकला. सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये त्याचा उल्लेख 'दान' असा केला. टाळ्याही पडल्या. आईला कपाटातला एक खण मोकळा हवा होता, एवढाच त्या दानाचा इतिहास.

आमच्याकडे धुणीभांडी करायला एक मावशी यायच्या. मूळच्या कोकणातल्या. नवरा परळला गिरणीत होता. संप झाला, गिरणी बसली, तो गावाला जाऊन बसला. मावशी मुलीला घेऊन डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत राहायच्या. सोसायटीतली पाच घरं करायच्या, त्यातलं एक सेक्रेटरींचंच. मुलगी त्या वर्षी दहावीला चौऱ्याहत्तर टक्के मिळवून पास झाली. मला दहावीला किती होते ते मी इथे लिहिणार नाही. कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळाला, फीसुद्धा माफ झाली. पण पुस्तकं माफ होत नाहीत. बारावी सायन्स झाल्यावर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागायचा काहीतरी कोर्स असतो, हे तिला शाळेतल्या कुणीतरी सांगितलं होतं आणि तिने तेच धरून ठेवलं होतं. माझ्या आईने मावशींना अर्ज भरायला लावला.

आता जी बाई सहा वर्षं सेक्रेटरींची खरकटी भांडी घासत होती, जिला त्यांच्या घरातून आदल्या दिवशीच्या पोळ्या मिळत होत्या, तिची परिस्थिती बघायला तिच्या घरी जायची गरज काय? मी विचारलं नाही. हे विचारल्याचं श्रेय मला कुणी देऊ नये. ''नियम म्हणजे नियम,'' सेक्रेटरी म्हणाले आणि रविवारी सकाळी दहाला आम्ही निघालो. सेक्रेटरी, निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एक बाई, आणि फायल घेऊन मी. माझं अक्षर चांगलं होतं. माझ्यात चांगलं असं बहुधा तेवढंच होतं.

मावशींनी आदल्या दिवशी मला विचारलं होतं, ''दादा, किती जणं येणार?'' मी म्हटलं तीन. मला वाटलं, घर आवरायचं असेल.

घर आवरलेलं होतंच. पत्र्याची एक खोली. कॉटवर पांढरी स्वच्छ चादर, दोन घडीच्या खुर्च्या, आणि स्टुलावर फिरणारा एक टेबल फॅन. भिंतीवरच्या फळीवर स्टीलचे डबे ओळीने लावलेले. सेक्रेटरी नेमके फॅनसमोर बसले आणि शर्टाचं वरचं बटण काढून वारा घेत म्हणाले, ''वा!''

त्या फॅनची वायर भिंतीच्या आणि पत्र्याच्या फटीतून शेजारच्या घरात गेली होती. ती लपवलेली नव्हती. डोळे असलेल्या कुणालाही दिसली असती.

मावशींनी आमच्यापुढे पोहे ठेवले. वर खोबरं, कोथिंबीर, आणि आत काजू. ''घ्या ना ओ, पयल्यांदाच आलात,'' त्या म्हणत होत्या. मुलगी आतल्या पडद्याशी उभी होती.

''नवरा काय करतो?'' सेक्रेटरींनी चमचा भरत विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

''गिरणीत होता. संपानंतर गावाला आहे.''

''संपावर जायला त्याला कोणी सांगितलं होतं?''

''सगळे गेले, तो पण गेला.''

''मग दुसरं काम बघायचं. माणसाने ठरवलं तर काय अशक्य आहे? इच्छा पाहिजे.''

मावशींनी सेक्रेटरींना आणखी पोहे वाढले. बाईंनी मुलीला जवळ बोलावून तुला काय व्हायचंय, रोज किती वाजता उठतेस, वर्तमानपत्र वाचतेस का, असे प्रश्न विचारले. मुलीने सगळ्यांची नीट उत्तरं दिली. मला कारखान्यात यातलं एकही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी अजून वडिलांच्या जिवावर घरी लोळत असतो.

मी पोहे खात होतो. खरंच चांगले झाले होते. बशी रिकामी होत गेली तसं मधे कोरलेलं नाव दिसायला लागलं. आपल्याकडे भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव घालून घेतात, म्हणजे लग्नकार्यात इकडचं तिकडे होत नाही. बशीवरचं नाव मावशींचं नव्हतं. त्यांचं नाव माझ्या मांडीवरच्या अर्जावर होतं, मी दोनदा ताडून पाहिलं. पाण्याचा पेला उचलला, त्यावर तिसऱ्याच बाईचं नाव. ट्रेवर कुणाच्या तरी लग्नातला आहेर असल्याचं लिहिलेलं. सोसायटीतली मोठी माणसं घरी येणार म्हणून मावशींनी अख्ख्या गल्लीतून भांडी मागून आणली होती. फॅन शेजारचा, खुर्च्या कुणाच्या, चादर कुणाची. फार तर काजू त्यांचे असतील, गावाकडच्या झाडाचे.

सेक्रेटरींनी दोनदा वाढून घेऊन बशी चाटूनपुसून संपवली होती. तिच्यात काय लिहिलंय ते त्यांनी पाहिलं नाही. बाईंनी पोहे अर्धे टाकले होते. मी मान वर केली. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी बशी खाली ठेवली आणि फायल उघडली.

उतार उतरताना सेक्रेटरी म्हणाले, ''फॅन पाहिलात?''

''स्टीलचा सेटसुद्धा,'' बाई म्हणाल्या.

''आणि पोह्यात काजू! आमच्याकडे दिवाळीला पडतात. या लोकांकडे असतं हो, दाखवत नाहीत. आणि नवरा गावाला आराम करतोय. आपण किती पुरे पडणार?''

एवढंच सांगायचं होतं की ही भांडी तिची नाहीत. चार शब्दांचं काम. सेक्रेटरी मला खाणार नव्हते, माझी नोकरी त्यांच्या हातात नव्हती. मी बोललो नाही याला भीती हे कारणसुद्धा देता येत नाही, दिलं असतं तर जरा बरं वाटलं असतं. खरं कारण असं की मला आतून बरं वाटलं होतं. चौऱ्याहत्तर टक्क्यांची मुलगी अडते आहे आणि मी फायल घेऊन चाललो आहे, यात मला माझ्या दोन नापास निकालांची भरपाई झाल्यासारखी वाटली. तेव्हा मी हे स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. आता करतो, त्याने कुणाचं काही भलं होणार नाही.

अहवाल मीच लिहिला. 'घरात टेबल फॅन, खुर्च्या, स्टीलची भांडी. पाहुणचार उत्तम. शिफारस नाही.' अक्षर सुरेख आलं होतं.

मुलीने मैत्रिणींची पुस्तकं मागून, लायब्ररीत उतरवून घेऊन सहामाहीपर्यंत रेटलं. मग सुटलं. दिवाळीनंतर ती एका औषधाच्या छोट्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायला जाऊ लागली. तिचं आणि माझं काम एकच, हे माझ्या लक्षात आलं होतं. फरक इतकाच की मी पर्मनंट होतो. मावशी पूर्वीसारख्याच यायच्या, 'दादा, जरा पाय वर घ्या' म्हणत फरशी पुसायच्या. मी पेपरातून डोकं वर न काढता पाय वर घ्यायचो.

माझ्या दानाचा संच सोसायटीच्या ऑफिसच्या कपाटात वर्षभर धूळ खात पडला. सायन्ससाठी योग्य उमेदवार मिळाला नाही, असं कमिटीने नोंदवलं.

पुढच्या मेमध्ये मावशींनी पुन्हा अर्ज केला. मुलीला पुन्हा अकरावीला बसायचं होतं. आम्ही तिघं पुन्हा गेलो.

या वेळी कॉटवर चटई. फळी रिकामी. एक स्टोव्ह, एक कळकट पातेलं. जर्मनच्या पोचे आलेल्या पेल्यातून पाणी मिळालं, चहासुद्धा नाही. मावशी कोपऱ्यात उकिडव्या बसल्या होत्या आणि विचारलं तेवढंच बोलत होत्या. मुलगी घरात नव्हती. सेक्रेटरींचा चेहरा फुलला. बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

''वर्षात काय दशा झाली बघा,'' बाहेर आल्यावर सेक्रेटरी म्हणाले. ''आता कसं, मदत करावीशी वाटते.''

शेजारच्या घराचं दार अर्धवट उघडं होतं. आत जमिनीवर जुन्या साडीखाली डब्यांची आणि ताटांची रास होती. एक ताट साडीबाहेर आलं होतं, त्यावर या वेळी मावशींचंच नाव होतं. साऱ्या वस्तीला कळून चुकलं होतं: कमिटी आली की पाहुणचार करायचा नाही. माणुसकी दाखवली की पुस्तकं जातात. आम्ही तिथे जाऊन शिकवून आलो ते हे.

मी पुन्हा गप्प राहिलो. आणि या वेळी गप्प राहिल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटली, एवढा मी निर्लज्ज होतो. अहवालात लिहिलं, 'परिस्थिती अत्यंत बिकट. जोरदार शिफारस.'

पुस्तकवाटप कंपाउंडमध्ये व्हायचं. स्टेज, माईक, हार, फोटोग्राफर. विद्यार्थ्याने वर येऊन अध्यक्षांच्या पाया पडायचं आणि फोटो निघेपर्यंत पुस्तकांचं दुसरं टोक धरून उभं राहायचं. तिचं नाव तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही.

''यांना किंमत नसते,'' सेक्रेटरी माईक हाताने झाकून म्हणाले. माईक पूर्ण झाकला गेला नव्हता.

मावशी स्टेजच्या मागे समारंभाच्या कपबश्या विसळत होत्या. त्यांनी ते ऐकलं. मी जवळ गेलो तर हात न थांबवता म्हणाल्या, ''पोरगी नाय म्हणते स्टेजवर यायला. तुम्हीच नेऊन द्या ना दादा. आज सुट्टी आहे तिला, घरीच आहे.''

संध्याकाळी गठ्ठा आणि सहीचं रजिस्टर घेऊन मी उतार चढलो. फळीवर डबे पुन्हा ओळीने लागले होते. ते तिने माझ्यासमोर लपवले नाहीत. मला बस म्हणाली नाही, पाणीही विचारलं नाही. दारातच गठ्ठा सोडला आणि पुस्तकं एकेक करून तपासू लागली, भाजी निवडून घेतात तशी. फिजिक्सचं उघडलं. पहिल्या पानावर माझ्या वडिलांनी टपोऱ्या अक्षरात माझं नाव लिहिलेलं होतं, वर्ग, तुकडी, हजेरी क्रमांकासकट. तिने ते वाचलं. मग पानं फिरवली. कुठे पेन्सिलची रेघ नाही, दुमडलेलं पान नाही. काही पानं तर कडेला अजून एकमेकांना चिकटलेली होती. तिने ती बोटाने सावकाश सोडवली.

''नवीनच आहे,'' ती म्हणाली.

मी हसण्याचा प्रयत्न केला.

''नाव वाचलं की कळतं ना, वस्तू कुणाची,'' ती म्हणाली. ''गेल्या वर्षी तुम्ही पण वाचलं होतं. बशीवरचं. मग पेल्यावरचं. मी बघत होते. मला वाटलं, चला, एकाला तरी कळलं, आता हे सांगतील.''

वर्षभरात मला हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. जे तोंडात आलं ते बोललो.

''कमिटीचा निर्णय होता तो.''

''हो ना,'' ती म्हणाली. रजिस्टर घेतलं, माझ्या पेनाने सही केली, पेनाचं टोपण लावून ते मला परत दिलं आणि पुस्तकं आत घेऊन गेली.