सहा-दहाची बारी

विनू गेल्याचं कळलं तेव्हा मी खोपटच्या एसटी डेपोत चहा पीत होतो. मावसभावाच्या नातवाची मुंज होती, गाडी लागायची होती, आणि सुनंदावहिनींचा फोन आला. "भावजी, हे उठत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "डॉक्टर येऊन गेले..." मी "आलो" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि उरलेला चहा संपवला. अगदी तळापर्यंत. ग्लाससुद्धा नीट टेबलावर ठेवला. रिक्षा करून वर्तकनगरला आलो, आमच्याच बिल्डिंगचा जिना चढलो, विनूच्या उशाशी उभा राहिलो, आणि मला काहीसुद्धा झालं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो, मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं काहीतरी. सात आठवडे होत आले तरी ते इंजेक्शन उतरेना. लोक भेटतात, "फार वाईट झालं हो" म्हणतात, मी मान हलवतो. त्या चहाची मात्र लाज वाटते. साठ वर्षांचा मित्र गेल्यावर कुणी चहा संपवतं का? मी संपवला.

विनायक आणि मी डोंबिवलीत एकाच चाळीत वाढलो. तो शिकून सर्वेअर झाला आणि तेविसाव्या वर्षी राजस्थानात कालव्याच्या कामावर गेला. मी ठाण्यात एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागलो आणि चाळीस वर्षं तेच करत बसलो. त्याने आयुष्यात एक अख्खं शहर उभं राहताना पाहिलं, मी लोकांच्या चुका पाहिल्या. हे तोच म्हणायचा, मला डिवचायला. त्या शहराचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याने स्वतः कुठेही ते लिहिलेलं नाही. त्याच्या वह्यांमध्ये नुसतं 'गाव' असं आहे. तो पोचला तेव्हा तिथे गावही नव्हतं. चार तंबू, एक खाऱ्या पाण्याची विहीर, आणि वाळूत रोवलेली एक पाटी, तिच्यावर नाव नाही, फक्त नंबर. पिण्याचं पाणी उंटावरून यायचं. "आंघोळीचं काय रे?" असं मी पत्रात विचारलं होतं, तर उत्तर आलं, "हा शब्द ऐकल्यासारखा वाटतो."

मग कालव्याचं पाणी आलं. त्या दिवसाबद्दल तो इतक्या वेळा बोललाय की मीच तिथे होतो असं मला वाटतं. हेतराम नावाचा एक शेतकरी, तेव्हाच पन्नाशीचा, पाण्यात एक पाय सोडून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहिला. जेवायला उठेना. उठलो आणि थांबलं तर, म्हणे! पुढे माणसं येत गेली. प्रत्येक कुटुंबाला पंचवीस बिघ्यांचा तुकडा मिळाला, कापूस झाला, मोहरी झाली, बाजार भरायला लागला, सरकी काढायचा कारखाना आला, शाळा, दवाखाना, थेटर, मग संत्र्यासारख्या किनूच्या बागा, मग कॉलेज. नंबराच्या पाटीची नगरपालिका झाली. दर दोन वर्षांनी सुट्टीवर आला की विनू आमच्या घरी पोह्यांची बशी हातात घेऊन एखादी जत्रा सांगावी तसं हे सांगायचा, आणि पोहे गार व्हायचे.

माझ्या लग्नाला तो येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तिकडे जमिनीची पाहणी चालू होती, रजा मिळत नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी मी कल्याण स्टेशनवर एका पाहुण्यांना घ्यायला गेलो, तर समोरून विनू. दोन दिवसांचा प्रवास, डोळे लाल, दाढी वाढलेली. "अरे, तू?" "मग काय, तुला एकट्याला बळी देऊ?" कार्यालयात त्याने बूट काढले तर आतून वाळू सांडली, थेट जाजमावर. आई ओरडली, "विन्या, सगळं वाळवंट घेऊन आलास की काय!" मी त्या दिवशी लग्नापेक्षा त्याच्या येण्याने जास्त खूश होतो, हे आमच्या हिलाही माहीत होतं, आणि ती असेपर्यंत तिने मला त्यावरून चिडवलं. ही गोष्ट मी पन्नास वर्षं अभिमानाने सांगत आलोय. मित्र असावा तर असा, वगैरे.

रिटायर झाल्यावर त्याने आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. पहिल्याच उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी फुटली आणि सगळ्यांना खालच्या नळावर यावं लागलं. दोन दिवस नुसती भांडणं. तिसऱ्या दिवशी विनूने जिन्याखाली एक भिंतीवरचं घड्याळ लावलं आणि शेजारी एक कागद चिकटवला. प्रत्येक घराला दहा मिनिटं. त्याच्या गावात कालव्याचं पाणी असंच वाटलं जायचं. प्रत्येक शेताची वेळ ठरलेली, ती त्या शेताची 'बारी', आणि वेळ मोजायची ती एकाच घड्याळावर, स्वतःच्या मनगटावरचं चालणार नाही. आमच्याकडेही मोबाईल दाखवणाऱ्याला तो म्हणायचा, "ते तुझं घड्याळ. हे पाण्याचं." टाकी दुरुस्त झाली, पण खालचं पाणी थेट लाइनचं, प्यायला बरं, म्हणून बारी चालूच राहिली. त्याची सहा-दहाची, त्यानंतर माझी सहा-वीसची. रोज सकाळी आम्ही दोघे म्हातारे नळापाशी भेटायचो, आणि मी दोन मिनिटं आधी कळशी लावली तर तो ती पायाने बाजूला सारायचा. साठ वर्षांची मैत्री गेली खड्ड्यात!

एकदा असंच त्याने मला तिथली एक रीत सांगितली. कालव्यावरचा कुणी मेला, तर त्याची बारी फुकट घालवायची नाही आणि कुणी बळकावायचीही नाही. घरचे लोक दुःखात असतात, त्यांना भान नसतं. म्हणून ज्याची बारी त्याच्या नंतरची, तो फावडं घेऊन जातो आणि मेलेल्या माणसाच्या शेताला पाणी पाजतो. घरातला कुणीतरी उभा राहीपर्यंत. "म्हणजे तुझ्यामागे मी," मी म्हणालो. "म्हणून तर तुला सहा-वीसची दिली," तो म्हणाला आणि हसला.

त्याच्या डोक्यातून जमीन मात्र जात नव्हती. त्याची मुलगी कोलशेतला टॉवरमध्ये राहते. तिच्याकडे गेलो की हा वर जायच्या आधी शेजारच्या नव्या बांधकामाशी जाऊन उभा राहायचा आणि वॉचमनला विचारायचा, "खाली काय लागलं? किती ठिकाणी बघितलंय?" वॉचमनला वाटायचं, काका फ्लॅट घेणार. मला शरम वाटायची. "अरे चल ना, तुला काय करायचंय?" असं मी त्याला ओढत न्यायचो. तेव्हा मला वाटायचं, वय झालं.

गेल्या दिवाळीत त्याने मला सहा वह्या आणून दिल्या. गावाचा इतिहास. हाताने लिहिलेला, एका बाजूला रुंद समास सोडलेला. "हा समास तुझ्यासाठी. लाल पेन चालव. सहावी वही जरा नीट वाच." मी "हो" म्हणालो आणि वह्या टीव्हीखालच्या कपाटात ठेवल्या. आता खरं तेच सांगतो... मी त्या उघडल्या नाहीत. मोतीबिंदू वगैरे काही नव्हतं. कंटाळा. चाळीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचून मला अक्षरांचा वीट आला होता, आणि विनूचं गाव तर मला तोंडपाठ होतं, त्यात नवीन काय असणार? तो रोज नळापाशी काही विचारायचा नाही, नुसता बघायचा. दोन महिने असाच बघत राहिला. मग एक दिवस मीच वह्या नेऊन दिल्या आणि म्हणालो, "छान झालंय."

"सहावी वाचलीस?"

"वाचली की. ती तर फारच छान झालीय."

"छान?" तो म्हणाला. माझ्याकडे बघत राहिला, मग वह्या छातीशी धरून "बरं" म्हणाला, आणि दार लोटून घेतलं. मला सुटल्यासारखं झालं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी सकाळी खाली गेलो तर सहा-दहाला नळ मोकळा होता. कुणी कळशी लावेना. चौथ्या मजल्यावरची मुलगी बाजूला उभी होती, तीही पुढे होईना. तेव्हा मला ती रीत आठवली. मी वर जाऊन वहिनींची कळशी आणली, भरली, ओट्यावर नेऊन ठेवली. त्यांनी चहा टाकला. मी त्याच्या टेबलाशी बसलो, आणि समोर त्या वह्या होत्या. शेजारी सातवीही होती, कोरी. "तुम्ही छान म्हणालात ना, त्यानंतर त्यांनी लिहिलंच नाही," वहिनी आतून म्हणाल्या. "मी विचारलं, आता काय झालं? तर म्हणाले, झालं, बाळूने वाचलं." त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या सहज बोलल्या.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. सहा-दहाला त्यांची कळशी भरायची, वर यायचं आणि माझी बारी होईपर्यंत वाचायचं. पाच-सहा मिनिटं मिळतात. पहिल्या पाच वह्यांत मला माहीत होतं तेच होतं, फक्त तो बोलायचा त्याहून साधं. या सोमवारी मी सहाव्या वहीवर आलो.

गावाच्या दक्षिणेला जमीन खोलगट होती. तिथे वस्ती बसवायची होती, म्हणून सात ठिकाणी खोल खणून बघायचं होतं की वाळूच्या खाली कडक थर कुठे लागतो. थर वरच असला तर पाणी खाली मुरत नाही, साचत साचत वर येतं. विनूने लिहिलंय, "चार ठिकाणी खणलं. मित्राच्या लग्नाची गाडी पकडायची होती. उरलेल्या तिन्हींचे आकडे मी तंबूत बसून भरले. साहेबांनी सही केली." पुढे सतरा-अठरा वर्षांनी त्या वस्तीत भिंतींवर मीठ फुटायला लागलं. मग जमिनी ओल्या झाल्या, चुलीत पाणी आलं, शेतं पांढरी पडली. नंतर खणलं तेव्हा कडक थर सापडला, त्या न खणलेल्या तीन जागांपाशीच, जेमतेम पुरुषभर खाली. सगळी वस्ती उठवली. हेतरामचं घर तिथेच होतं, विनूने स्वतः त्याच्या खाटा ट्रॉलीत चढवल्या. हेतराम त्याला म्हणाला, "बाबूजी, आपने तो देखके ही बसाया था. पानी का क्या भरोसा." त्याखाली विनूने लिहिलंय, "मी त्याला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. आता ज्याच्या लग्नाला गेलो त्याला वाचायला देतो आहे. तो काय म्हणेल ते ऐकायचं आहे."

आणि मी म्हणालो होतो, छान झालंय.

मी खूप वेळ तिथेच अडकलो. त्याला काय वाटलं असेल? सहा वह्या, आणि प्रुफं तपासणाऱ्या माणसाची समासात एक खूण नाही. मी वाचलंच नाही हे त्याला कळलं असेल? की मी वाचलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही असं कळलं? यातलं कुठलं कमी वाईट, ते मला ठरवता येत नाही. ठरवून तरी आता सांगणार कुणाला.

काल सकाळी मी घरून लाल पेन घेऊन गेलो. कळशी भरून वर आलो, सहावी वही उघडली आणि लग्नाच्या गाडीच्या त्या ओळीसमोर, समासात, लिहिलं, "तू आला नसतास तरी चाललं असतं." लिहून वाचलं. ते खोटं होतं. एक खोटं आधीच बोलून झालं होतं, म्हणून खोडलं. मग खाली लिहिलं, "चूक तुझी होती, विनू. हेतरामला सांगायला हवं होतंस. आणि कल्याण स्टेशनवर तुला बघून मला झाला तेवढा आनंद पुन्हा कधी झाला नाही." अक्षर वेडंवाकडं आलं. खाली सही केली.

"भावजी, सहा-वीस झाले," वहिनी दारातून म्हणाल्या. "तुमची बारी."

"जाऊ दे आज," मी म्हणालो. चष्मा ओला झाला होता, तो सदऱ्याला पुसला आणि पान उलटलं.