अंगठ्याचं माप

दुकानाचं शटर मास्तरांच्या उजव्या हातावर पडलं, त्याला अडीच महिने झाले. जखम बुजली, नखही नवं आलं. अंगठ्याच्या बुडाशी सूज मात्र ठाण मांडून बसली. मास्तर दुखणं अंगावर काढत राहिले. तीस वर्षं कपडे बेतलेला माणूस, मोजल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास नसे. टेप घेऊन ते रोज अंगठा मोजत. सकाळी तीन इंच, दिवे लागेपर्यंत सव्वातीन.

कात्रीच्या कडीत अंगठा जाईना. काजं-बटणं बायको करायची, मशीनवरही बसायची, पण कात्री दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, हा मास्तरांचा नेम. मग त्यांनी शिंप्यालाच सुचेल असा उपाय केला. अस्तराची एक पट्टी कापून अंगठ्यावर करकचून गुंडाळायची, सैल कपडा आत घेतात तशी सूज आत घ्यायची. पट्टी सोडली की अंगठा तासभर कडीत जाई. नंतर दुप्पट ठणके. अशाच एका तासाच्या शेवटी कात्री घसरली आणि गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही दोन बोटं तोकडी झाली. बायकोने दुकान बंद केलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

मास्तरांनी वाटेत पुन्हा गुंडाळलेली पट्टी डॉक्टरीणबाईंनी आधी सोडायला लावली. कातडीवर कापडाची वीण उमटली होती. एक्स-रे बघून त्या म्हणाल्या, हाड धड आहे, सांधा आखडलाय, आणि त्यात हा फास.

"मास्तर, कपडा घट्ट शिवला म्हणून आतला माणूस बारीक होतो का?"

बायकोला हसू आवरेना. मग डॉक्टरीणबाईंनी बजावलं, महिनाभर कात्री बंद, हात उंच ठेवायचा, व्यायाम रोज.

"पहिल्यासारखा होईल?" मास्तरांनी विचारलं.

"बराचसा होईल. किती, ते आज नाही सांगता येत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळीवर कापड पसरलं आणि डाव्या हाताने खडूची रेघ ओढली.

"अहो, ही रेघ आहे की गोगलगाय गेली?" बायको म्हणाली.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. मग त्यांनी कात्री तिच्याकडे सरकवली.

"तू काप. मी सांगतो."

कडी तिच्या अंगठ्याला सैल होत होती. तिने पिशवीतून तीच अस्तराची पट्टी काढली, कडीवर चार वेढे दिले, अंगठा घालून पाहिला.

"कुठून घेऊ?"

मास्तरांनी सुजलेला हात कापडाच्या गठ्ठ्यावर उंच ठेवला आणि गळ्यापासून सांगायला सुरुवात केली.