वाटीतला दिवा

एका मुलीची वाक्यं मी तिच्या आधी पूर्ण केली. माझी चूक एवढीच. ऐकणाऱ्याला ती किरकोळ वाटेल. बरेच दिवस मलाही तशीच वाटत होती. पण त्या वाक्यांमुळे तिचं वसतिगृह सुटलं, शिक्षण सुटायची वेळ आली, आणि ती वाक्यं तिची नव्हतीच. माझी होती.

अमरावतीत जेसुइट, म्हणजे येशूसंघाच्या फादरांच्या, एका महाविद्यालयात मी विद्यार्थी कल्याण विभाग सांभाळतो. शिकवणं प्राध्यापकांकडे, बाकी सगळं आमच्याकडे: वसतिगृह, मेस, भांडणं, आजारपण, घरच्या आठवणीनं जेवण टाकणारी मुलं, न सांगता गावी पळालेली मुलं. मी स्वतः हिंदू. घरात वकिली आणि मास्तरकी चालत आलेली, त्यामुळे बोलणं हा आमचा घरचाच धंदा. दर मंगळवारी अंबादेवीला जायचं, हा माझा नेम. फादरांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. उलट त्यांच्याकडची एक रीत मीच कुतूहलापोटी उचलली. संध्याकाळी थोडा वेळ गप्प बसायचं आणि सरलेला दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्यायचा. कोण भेटलं, आपण कसे वागलो, देव कुठे अगदी जवळून गेला आणि आपल्या ध्यानात आलं नाही. मला ते फार आवडे. त्या वेळातही मी मनातल्या मनात बोलतच असायचो, हे मात्र खूप उशिरा कळलं.

फेब्रुवारीतली दुपार होती. एकाएकी वादळ उठलं, गारा पडल्या, आवारातल्या कडुनिंबाची फांदी मोडली. वारा शमल्यावर वसतिगृहाच्या सिस्टर माझ्या खोलीत आल्या. चॅपेलमधला दिवा फुटला होता. आपल्या देवळात नंदादीप असतो तसाच तो, पवित्र प्रसादाच्या पेटीजवळ लाल काचेत अखंड तेवत असतो. मी जाऊन पाहिलं. फुटलेल्या काचा कुणीतरी गोळा करून कागदावर ठेवल्या होत्या. दाराआडच्या कोपऱ्यात मेसमधली एक स्टीलची वाटी, तिच्यात गोडं तेल आणि कापसाची वात, पेटलेली. शेवटच्या बाकावर प्रणिता बसली होती.

प्रणिता दुसऱ्या वर्षाला होती. अंजनगाव सुर्जीची, घरची फुलशेती. बोलताना ती अडखळायची. शब्दाच्या पहिल्याच अक्षराशी तिचा श्वास अडे, हनुवटी किंचित वर जाई आणि समोरच्याला वाटे, हिला मदत करावी. मीही मदतच करत होतो, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत आलो.

वाटी पाहताच माझ्या डोक्यात सगळी गोष्ट तयार झाली. पोरगी चॅपेलमध्ये आपल्या पद्धतीनं पूजा करायला आली, धक्का लागला, दिवा पडला. आणि गोष्टीबरोबर भीतीही आली. उद्या कुणी म्हणेल, त्यांचा दिवा हिनं फोडला. कुणी म्हणेल, पोरींना चॅपेलमध्ये बसवतात तरी कशाला. गावात बोभाटा व्हायला वेळ लागत नाही. शिवाय मी हिंदू. आपल्या माणसाला पाठीशी घातलं असं फादरांना वाटू नये म्हणून मला जरा जास्तच कडक दिसायचं होतं. हे शेवटचं कारण लिहायला आजही जड जातं.

तिला माझ्या खोलीत बोलावलं.

"सर, म... मी दि... दिवा..."

"पाडलास."

तिनं जोरजोरानं मान हलवली. "नाही सर. मी आ... आली तं..."

"आलीस तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. एकटीच होतीस. बरोबर?"

"हो, पण खि... खि..."

"मेसमधून वाटी तूच आणलीस ना?"

"हो."

"पूजेसाठी."

ती माझ्याकडे पाहत राहिली. ओठ हलले, हनुवटी वर गेली, आणि मग सगळंच खाली आलं, खांदे, मान, नजर. मी विचारलं, "असंच झालं ना?" ती काही बोलली नाही. मी ते हो धरलं.

आमचे प्राचार्य फादर वयानं मोठे, वृत्तीनं सौम्य. त्यांनी मला एकच विचारलं, "तिचं पूर्ण ऐकलंत ना?" मी म्हणालो, "हो, फादर." "काय म्हणाली?" मी माझी वाक्यं तिच्या नावानं सांगितली, एकही न अडखळता. ते म्हणाले, "दिव्याचं काय, नवा येईल. तिला वसतिगृहातून काढायलाच हवं का?" मुलांना धाक राहिला पाहिजे, असा आग्रह मीच धरला. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

तिला न्यायला तिची आई आली. पेटी खाली ठेवून पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पोरीनं काही सांगतलं काय तुमाले? मले तं काहीच सांगून नाही राहिली."

"तिनं कबूल केलंय, ताई."

पेटीची एक कडी आईनं धरली, दुसरी मुलीनं, आणि दोघी फाटकाबाहेर गेल्या. परीक्षेला प्रणिता गावाहून एसटीनं येऊन जाऊन करत होती. पेपर संपले तेव्हा तिच्या मैत्रिणींकडून कळलं, पुढच्या वर्षी ती येणार नाही.

एप्रिलमध्ये माझा आवाज बसला. आधी वाटलं, ऊन बाधलं. मग तो घोगरा होत होत फाटलाच. माझी बहीण अकोल्याला असते, तिनं तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. स्वरतंतूंवर गाठ होती. ती काढली, साधीच निघाली, पण डॉक्टरांनी बजावलं, काही आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही. नंतरही अगदी हळू, मोजकं. बहीण हसून म्हणाली, "घरात पहिल्यांदाच शांतता नांदेल, दादा."

त्या मौनात आधी नुसती चिडचिड झाली. मग हळूहळू एक नवल वाटू लागलं. मंगळवारी देवीपुढे उभा राहिलो तर मनातही शब्द जुळेनात. एरवी मी देवीशी काय बोलत असे? गाऱ्हाणं मी मांडायचो, समजूतही मीच काढायचो, तिच्या वतीनं उत्तर देऊन प्रदक्षिणेला निघायचो. इतक्या वर्षांत तिला काही सांगायचं असेल, तर मी तेवढी जागा कधी ठेवलीच नव्हती. मी देवीचीही वाक्यं पूर्ण करत होतो. हे ध्यानात आलं आणि गाभाऱ्यासमोर मला शरमल्यासारखं झालं. पण तरीही प्रणिता आठवली नाही. मन किती चतुर असतं बघा.

मे महिन्यात डॉक्टरांना पुन्हा दाखवून अकोल्याहून एसटीनं परतत होतो. मूर्तिजापूरला गाडी थांबली. पाण्याची बाटली घ्यायला उतरलो, आणि वळून पाहतो तर गाडी फाटकातून बाहेर पडत होती. बॅग आत, बॅगेत फोन, डॉक्टरांचे कागद, सगळंच. ओरडायला तोंड उघडलं. हवा आली, आवाज आला नाही. रणरणत्या उन्हात धावलो, घेरी आली आणि एका खांबाला धरून उभा राहिलो. चारदोन माणसं जमली. मी सांगू लागलो, "ब... बॅ..." फाटक्या आवाजात पुढचं अक्षरच निघेना.

"बडनेऱ्याले जाचं काय?"

"चक्कर आली वाटते."

"मुके दिसून राहिले बिचारे."

"मुके कायचे? दुपारीच लावून आले असतीन," कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले.

मी मान हलवत होतो आणि ते पुढचं पुढचं ठरवत होते. कुणी पाणी आणलं, कुणी दवाखान्यात न्यायची भाषा केली. सगळे भलेच लोक होते. पण माझं वाक्य कुणालाच नको होतं. एका क्षणी वाटलं, म्हणू दे काय म्हणतात ते, आपण मान डोलवावी आणि सुटावं. आणि तसं वाटताच माझे खांदे आपोआप खाली आले. ते खांदे मी आधी पाहिले होते.

स्टँडच्या भिंतीशी टरबुजांच्या ढिगाजवळ एक बाई बसली होती. ती ओरडली, "सरका ना बापहो! मानसाले बोलू तं द्या." मग माझ्याकडे वळून, "बसा भाऊ सावलीत. सांगा आरामानं. मले कुठं जा लागते?"

मी बसलो. ती कापलेल्या फोडींवरच्या माश्या हाकलत राहिली. मी एक शब्द काढायचो, थांबायचो, श्वास घ्यायचो. तिनं मध्ये हुंकारसुद्धा भरला नाही, अंदाज बांधला नाही, माझ्या तोंडाकडे दयेनं पाहिलंही नाही. माझं बोलून संपलं तेव्हा तिनं फक्त विचारलं, "झालं?"

मी मान हलवली. मग ती उठली आणि चौकशीच्या खिडकीत तोंड घालून तिनं जो आवाज लावला, तो मला आयुष्यभर लाभला नसता. "ओ साहेब! या भाऊची बॅग गेली आताच्या अमरावती गाडीत. लावा फोन बडनेऱ्याले!" बॅग बडनेऱ्याला उतरवून घेतली गेली.

निघताना मी तुकड्या-तुकड्यांत तिला विचारलं, तुम्ही एवढा वेळ थांबलात कशा? ती म्हणाली, "या उन्हात गिऱ्हाईक कोन येते? बसलीच होती, मंग आयकलं." आणि वर टोमणा, "तुमी मास्तर असान. मास्तरायलेच बोलल्याबिगर लय जड जाते."

तिला मी देवीचं रूप वगैरे म्हणणार नाही. ती टरबूज विकणारी बाई होती. पुढे एकदा मुद्दाम तिथे उतरलो, तेव्हा ती तिथेच होती आणि तिनं मला ओळखलंही नाही. पण मौनाच्या त्या आठवड्यांत मी ज्याची वाट पाहत होतो, ते तिच्या तोंडून आलं, असं मला वाटतं. झालं? एवढाच प्रश्न. माझ्या सगळ्या नोकरीत तो मी कुणालाही विचारला नव्हता.

बडनेऱ्यापर्यंत दुसऱ्या गाडीच्या खिडकीशी बसून मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. ती काय सांगणार होती? अपराधाचं ओझं नंतर आलं. आधी आलं ते हे कुतूहल, भुकेसारखं. मी दिवा. मी आली तं. खि. ही तीन अर्धी वाक्यं माझ्याकडे पडून होती आणि त्यांचं पुढचं मला ठाऊकच नव्हतं. पुढे लावलेलं सगळं माझं होतं.

फादरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चुकलो मीही. तिला मी बोलवायला हवं होतं. तिची जागा ठेवतो. पण माफी मागायची घाई करू नका. आधी तिचं बोलणं ऐका."

पुढचं आताच सांगून टाकतो. प्रणिता जूनमध्ये परत आली, आता शेवटच्या वर्षाला आहे. पण अंजनगावला गेलो तेव्हा ती येईल याची काहीच खात्री नव्हती, आणि तिला परत आणायला म्हणून मी गेलोही नव्हतो.

अंगणात मायलेकी झेंडूचे हार ओवत बसल्या होत्या. आईनं पोतं अंथरलं, पण स्वर रोखठोक होता. "या सर. आता कावून आले? आता तं काही फुटलं नाही ना?"

मी खाली बसलो. प्रणिताला म्हणालो, "त्या दिवशी काय झालं, ते मला ऐकायचंय."

ती बोलायला लागली. दोनदा शब्द माझ्या जिभेवर आला. सवय जात नाही. बसलेल्या आवाजानं मला वाचवलं. तिनं सांगितलं, चॅपेलमध्ये ती रोज बसायची, कारण तिथे कुणी बोल म्हणत नाही. वादळात खिडकीचं दार आपटलं आणि दिवा पडला. ती थांबली.

मी विचारलं, "झालं?"

"न... नाही सर. अजून आहे."

आणि मग ते आलं. काच फुटली तरी वात जळत होती. हा दिवा विझू देत नाहीत, हे सिस्टरांनी तिला सांगितलं होतं. म्हणून ती मेसकडे धावली, तेल आणलं, कापसाची वात वळली, आणि फुटक्या दिव्यातली ज्योत वाटीत घेतली. वारा लागू नये म्हणून दाराआड ठेवली. "वि... विझू नाही देला सर मी," ती म्हणाली. "झालं."

मी ज्या वाटीला पुरावा समजलो होतो, तीच त्यांचा नंदादीप होती. आम्ही सगळे वादळात खोल्यांची दारं लावून बसलो होतो, तेव्हा एका परक्या घरच्या मुलीनं तो राखला होता. आणि नंतर कुणीतरी तो फुंकून विझवला असणार. ती वाटी मेसमध्ये परत द्या, असं मीच सांगितलं होतं.

मी हात जोडले. बोलू लागलो आणि आवाज फाटला. "प्रणिता, मला म... म..." श्वास अडला. हनुवटी वर गेली, हे मला स्वतःलाच जाणवलं.

आई कळवळून म्हणाली, "राहू द्या सर, माफ कर म्हनून राहिले ना, समजलं आमाले..."

प्रणितानं आईच्या हातावर हात ठेवला. "थां... थांब ना माय. सर बोलून राहिले."

मग दोघी थांबल्या. हार ओवणारे हातही थांबले. मी श्वास घेतला, पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली, आणि कुणाच्याही मदतीशिवाय माझं वाक्य शेवटपर्यंत नेलं.

"मला माफ कर, बेटा. मी तुझं ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं असं सांगितलं."