हार घालायचा फोटो

निवृत्त झाल्यावर माणसं एकतर सोसायटीचे सेक्रेटरी होतात, नाहीतर गुडघे घेऊन बसतात. मी कॅमेरा घेतला. अलिबागच्या घरी तो खोक्यातून बाहेर आला तेव्हा बायकोने आधी त्याची बटणं पाहिली, मग मला पाहिलं आणि म्हणाली, "अजून मिक्सरचं एक बटण धड जमत नाही तुम्हाला." मी दुर्लक्ष केलं. इतक्या वर्षांच्या संसारात दुर्लक्ष ही एकच कला माझ्या हातात पक्की बसली आहे.

एक्सपोजर म्हणजे काय, हे पुस्तकात छान समजावलं होतं. उजेड किती आत घ्यायचा, एवढंच. त्यासाठी भिंग किती उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं आणि कॅमेऱ्याला किती हळवं करायचं, हे ठरवायचं. वाचताना सगळं समजलं. तसं पोहण्याचं पुस्तक वाचतानाही सगळं समजतं.

बातमी किहीमला आत्याकडे पोचायला वेळ लागला नाही. वडिलांची ही थोरली बहीण नारळाच्या वाडीत एकटी राहते आणि फोनवर असं बोलते की फोन नसता तरी अलिबागला ऐकू आलं असतं.

"मशीन घेतलास म्हनं? माजा फोटो काड. हार घालाचा."

"अगं आत्या, काय अभद्र बोलतेस!"

"मी मेली का तुमी त्यो आधार कार्डावरचा मोटा करून लावाल. वलखते मी तुमाला."

मला राग आला, कारण माझ्या मनात अगदी तेच होतं.

तिच्या हट्टाला कारण होतं. तिचे यजमान चांगले जांभळासारखे काळे. ते गेल्यावर स्टुडिओवाल्याने त्यांचा फोटो मोठा करताना प्रेमाने इतका उजळला, की भिंतीवर भलताच गोरा गृहस्थ येऊन बसला. "रोज कोना पावन्याला हार घालते, देव जाने," असं आत्या म्हणते. ती स्वतःही काळी, आणि आजवरच्या प्रत्येक फोटोत तिलाही कुणी ना कुणी पावडर थापलेली. "मना माज्या रंगात काड. जशी हाय तशी," ती म्हणाली.

पहिला फोटो आमच्या किनाऱ्याच्या रीतीप्रमाणे काढला. आमच्याकडे माणूस फोटोला उभा राहतो तो संध्याकाळी, समुद्राकडे पाठ करून. समुद्र पश्चिमेला, सूर्य बरोबर डोक्यामागे, हे पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या लक्षात आलेलं नाही. समुद्रावर जाऊन समुद्रच आला नाही तर गेलो कशाला, असा आमचा सवाल. त्यामुळे आभाळ झकास आलं, लाटा सोनेरी आल्या, आणि मध्ये लुगडं नेसलेला एक काळा ठिपका.

"ह्यो बुजगावना कोन?" आत्याने विचारलं.

मग फ्लॅश मारला. चेहरा पिठात पडल्यासारखा पांढराफटक, डोळे दूध पिताना पकडलेल्या मांजरीचे. "येवढी पावडर मी पन लावली असती," ती म्हणाली. तिसऱ्या वेळी पडवीच्या सावलीत बसवून, चेहरा जवळून घेऊन, सगळं कॅमेऱ्यावर सोपवलं. त्याने तिला राखेच्या रंगाची केली. आता मात्र माझं डोकं फिरलं. यंत्रावर, पुस्तकावर आणि सोबत येऊन माझ्यामागे फिदीफिदी हसणाऱ्या बायकोवरही.

घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडलं, तेव्हा चोर सापडला. कॅमेऱ्याला जगातली प्रत्येक वस्तू मध्यम करड्या रंगाची हवी असते. समोर काळं दिसलं की त्याला वाटतं उजेड कमी पडला, आणि तो न विचारता वाढवतो. म्हणजे स्टुडिओवाल्याचंच काम, फक्त पटकन. त्याला सांगावं लागतं की बाबा रे, हे मुळातच काळं आहे, तू तुझी अक्कल जरा कमी कर.

"म्हणजे यालाही सांगितल्याशिवाय कळत नाही," बायको म्हणाली. मी पुन्हा दुर्लक्ष केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच किहीम गाठलं. आत्याला पडवीच्या कडेला बसवलं. अंगणातला उजेड तिच्या तोंडावर मऊ पडत होता. कॅमेरा म्हणत होता त्यापेक्षा थोडं कमी केलं, मग आणखी थोडं.

"फोटो काडतंस का मी मरायची वाट बगतंस?" म्हणत ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली, आणि मी बटण दाबलं.

काळी. चांगली तुकतुकीत काळी. डोळ्यांपाशी सुरकुत्या, आणि हनुवटीवरचं गोंदण, जे आजवर एकाही फोटोत आलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी पडवीत उडी मारली आणि गुडघा दुखवून घेतला.

अलिबागच्या दुकानात तो फोटो मोठा करून घेताना मी दुकानदाराच्या डोक्यावर उभा राहिलो. "रंगाला हात लावाल तर खबरदार!" फ्रेम घेऊन आत्याकडे गेलो. तिने चष्मा लावला आणि फोटो उजेडाकडे धरून निरखला.

"फार काळी आली का गं?"

"न्हाय." तिने काचेवरून, हनुवटीपाशी, बोट फिरवलं. "ही माजी आय हाय रं."

आत्याची आई म्हणजे माझी आजी. मी जन्मायच्या आधीच ती गेली. तिचा फोटो कुणी कधी काढलाच नाही, आणि ती दिसायची कशी हे सांगणारं आत्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही.

आत्या उठली. तिने स्वतः खिळा ठोकला, फोटो टांगला, देवासाठी ओवलेला अबोलीचा हार आणला आणि त्याला घातला.

"अगं, जितेपणी स्वतःच्या फोटोला हार घालतेस?"

"माजा कुटं? ह्यो आयचा. माजा तुला अजून काडाचा हाय."

मी चपला काढून हात जोडले. आजीला मी पहिल्यांदाच बघत होतो.