सत्तावीस घरांचे फॉर्म

माझ्या हातून झालेल्या एका कामाची खरी हकीगत मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. गेल्या एप्रिलमध्ये ती सांगावी लागली. माझ्या नातीने एका यंत्राला कामाला लावलं होतं आणि मी शेजारी बसलो होतो, म्हणून.

नात पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. उन्हाळ्यात ती आमच्याकडे येऊन पडवीतच टेबल मांडते. खाडीकाठच्या वाड्यांतल्या विहिरींची पाहणी करायचं काम त्या खेपेला तिच्याकडे होतं. पाहणी म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर कागदाचे गठ्ठे, कार्बन आणि दौत यायची. तिच्याकडे यातलं काहीच नव्हतं. इंटरनेटवर एक सर्वेक्षणाची जागा होती, तिथे प्रश्नावली तयार करायची, लोकांच्या फोनवर पाठवायची आणि उत्तरं तिथेच जमा व्हायची. हे सगळं तिला हाताने करायचं नव्हतं. ते एका एजंटकडून करून घ्यायचं होतं. एजंट म्हटल्यावर मला विमा आठवला. ती हसली आणि म्हणाली, हा माणूस नाही, पण सांगितलेलं काम पायरीपायरीने करतो, अडला तर विचारतो.

त्याला जोडताना मी पाहत होतो. सर्वेक्षणाच्या जागेवरून तिने अक्षरं आणि आकडे मिसळलेली एक लांबलचक चावी घेतली आणि एजंटच्या पानावर चिकटवली. मग त्याला काय करता येईल आणि काय नाही, याच्या खुणा करत गेली. प्रश्न तयार कर, हो. लोकांना पाठव, हो. उत्तरं वाच, हो. दिलेली उत्तरं बदलायला किंवा पुसायला मात्र तिने मनाई केली. मी विचारलं, यंत्रावर एवढा अविश्वास कशाला? ती म्हणाली, अविश्वास नाही, शिस्त आहे. मी तीस वर्षं मास्तरकी केली, त्यामुळे हे उत्तर मला आवडलं.

मग तिने साध्या मराठीत दोन ओळी लिहिल्या. खाडीकाठच्या वाड्यांतल्या विहिरींबद्दल मालवणीत बोलून विचारता येईल अशी प्रश्नावली हवी. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत बारा प्रश्न पडद्यावर हजर होते. त्याखाली एजंटने तिलाच एक प्रश्न विचारला होता. विहिरी खाडीजवळ आहेत, तर पाण्याची चव भरती-ओहोटीप्रमाणे बदलते का? तसं असेल तर पाणी कधी भरता, हे आधी विचारावं लागेल.

मी थक्क झालो. आमच्याकडच्या बायका ओहोटी बघून कळशी उचलतात, ही गोष्ट कुठल्याही फॉर्मात मी कधी वाचली नव्हती. ज्याने खाडी पाहिलेली नाही, त्याने ती विचारली होती.

"आजोबा, ह्या मालवणीत कसा विचारतत, तू सांग," नात म्हणाली, आणि दोन दिवस मी त्या यंत्राचा मास्तर झालो. 'जलस्रोत'च्या जागी बाव घातली, विहिरीला आमच्याकडे बावच म्हणतात. मी एकदा सांगितलेलं तो विसरत नव्हता. असा विद्यार्थी मला तीस वर्षांत मिळाला नाही, असं मी म्हटलं, तर नात म्हणाली, हा छडीला पण घाबरत नाही.

तिसऱ्या दिवशी जुने फॉर्म आले. ग्रामपंचायतीच्या कपाटात पस्तीसेक वर्षांपूर्वीच्या विहीर-पाहणीचे कागद पडून होते. संस्थेच्या माणसाने त्यांचे फोटो काढून पाठवले होते. जुनं आणि नवं शेजारी ठेवून पाहायचं, असा बेत होता. नातीने फोटो एजंटपुढे टाकले. पहिला फॉर्म उघडला आणि माझं अक्षर मी ओळखलं. नातीने ओळखलं नाही. तिने माझ्या हातचं पत्र कधी पाहिलेलं नाही, आणि सहीचा कोपरा वाळवीने खाल्ला होता.

त्या पाहणीचं काम तेव्हा आम्हा मास्तरांवर होतं. माझ्या वाट्याला पाच वाड्या होत्या. चार वाड्यांत मी घरोघर गेलो. पाचवी खाडीपलीकडे, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली. तिथे जायचं तर तरीवर, म्हणजे होडी लागते त्या काठावर, जाऊन होडी धरायची. मी तरीवर पोचलो तेव्हा पुरी ओहोटी होती. होडीपर्यंत गुडघाभर चिखलातून जावं लागणार होतं, नाहीतर भरतीची वाट बघत दोनतीन तास बसावं लागणार होतं. माझ्या अंगावर नवी पँट होती. एवढंच कारण होतं. याहून मोठं काही असतं तर ते इथे लिहिलं असतं.

तरीवाला अलीकडच्या काठावरचाच. मी त्याला विचारलं, पलीकडे उन्हाळ्यात पाणी कसं? तो म्हणाला, आसा की. मी उंडीच्या झाडाखाली बसलो, मांडीवर पाटी घेतली आणि मतदार यादीतली नावं बघून सत्तावीस घरांचे फॉर्म भरले. मे महिन्यात पाणी असतं का, हो. पिण्याजोगं असतं का, हो. प्रत्येक प्रश्नापुढे 'माहीत नाही' असाही एक चौकोन होता. त्यात मी एकदाही खूण केली नाही. मास्तराला माहीत नाही असं कसं लिहायचं? लिहून संपेपर्यंत भरती आली होती. तरीवाल्याने हाक मारली, चला मास्तर. मी म्हटलं, नको, काम झालं.

त्या पाहणीवरून वाड्यांची यादी झाली आणि नळ आले. पलीकडच्या वाडीला आला नाही. आमच्या शाळेच्या मागे गोड्या पाण्याची विहीर होती. दर मे महिन्यात पलीकडच्या बायका होडीत हंडे-कळशा घालून तिथे येऊ लागल्या. त्यांची विहीर उन्हाळ्यात मचूळ व्हायची, पाणी तोंडात धरवत नसे. बदली होईपर्यंत अकरा उन्हाळे मी त्यांना वर्गाच्या खिडकीतून पाहिलं. मुलांना शुद्धलेखन घालून मी खिडकीकडे पाठ करायचो.

एजंटने एकशे चाळीस फॉर्म वाचायला जो वेळ घेतला, तेवढ्यात मला चष्मा पुसूनही झाला नसता. माझं घाईतलं अक्षर त्याला लागत होतं. जिथे शाई विरघळली होती तिथे त्याने अंदाज केला नाही. 'वाचता आलं नाही' असं लिहिलं. जिथे उत्तरच नव्हतं तिथे 'माहीत नाही'. ते शब्द मी पुन्हा पुन्हा वाचत होतो. सगळं काही जाणणारं म्हणून ज्याच्याकडे मी दोन दिवस बघत होतो, ते किती सहज लिहीत होतं, माहीत नाही.

शेवटी त्याने दोन गोष्टी पुढे ठेवल्या. पहिली अशी की, जुन्या नोंदी खऱ्या धरल्या तर खाडीपलीकडच्या वाडीची विहीर पूर्वी गोडी होती आणि अलीकडे बिघडली. तसं असेल तर ती उपसून, कठडा उंच बांधून भागेल, नळाची गरज नाही. दुसरी गोष्ट त्याखाली होती. मला ती जवळजवळ पाठ आहे.

'या वाडीच्या सत्तावीस फॉर्ममध्ये सगळी उत्तरं तंतोतंत एकसारखी आहेत. बाकीच्या चार वाड्यांत तसं नाही. कारण मला माहीत नाही. हे फॉर्म मोजायचे की बाजूला ठेवायचे, ते माहितगार माणसाने ठरवावं.'

नातीने वाचलं आणि स्वतःशीच म्हणाली, वाडीत एकच विहीर असेल, म्हणून सगळ्यांचं उत्तर एक. फॉर्म मोजायला सांगण्यासाठी तिने कीबोर्डवर बोटं ठेवली. चांगलं माणूस असंच दुसऱ्याच्या खोटेपणाला आपल्याकडचं कारण देतं. मी गप्प राहिलो असतो तर पलीकडे कठडा बांधला गेला असता, त्यावर रंगसुद्धा लागला असता, आणि बायका होडीतून येत राहिल्या असत्या. हे सगळं मला एका क्षणात दिसलं आणि तरीही गप्प राहावंसं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

"थांब," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. ओहोटी, पँट, उंडीचं झाड. ती रागावली नाही, समजूतही काढली नाही. मग तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"मगे ह्या तूच लिही."

मी एका बोटाने लिहिलं. 'हे फॉर्म मी घरोघर न जाता भरले. वाडीतल्या कुणालाही विचारलं नाही.' एवढ्याला पाव तास लागला. मला वाटलं होतं, आता तो ते सत्तावीस फॉर्म पुसून टाकील. तसंच व्हावं, असं मनात होतं. त्याचं उत्तर आलं की नोंद घेतली आहे, हे फॉर्म मोजणीतून बाजूला ठेवतो, जुनी उत्तरं पुसण्याची परवानगी नाही, तुमचं म्हणणं प्रत्येक फॉर्मशेजारी जोडतो. आणि शेवटी प्रश्न, या म्हणण्यासोबत तुमचं नाव ठेवायचं का?

मी 'हो' लिहिलं. मग माझ्या डोळ्यांदेखत एकेक फॉर्म उघडत गेला आणि एकेकाशेजारी माझं वाक्य आणि नाव येत गेलं. सत्तावीस वेळा. माझं खोटं तिथेच होतं आणि त्याच्याशेजारी खरं येऊन उभं राहिलं होतं. देवळात कौल घेताना अंगावर काटा येतो, तसा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तरीवर गेलो. ओहोटीच होती. मी लेंगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि नातीच्या खांद्याला धरून चिखलातून होडीपर्यंत गेलो.

पलीकडे पहिल्याच घरात एक म्हातारी चुलीपुढे भाकरी थापत होती. शाळेच्या विहिरीवर येणाऱ्यांपैकी ती एक, आता पाठीतून पार वाकलेली. मी कोण ते तिने लगेच ओळखलं. उंबऱ्याशी उभं राहून मी तिला तेच सांगितलं जे लॅपटॉपवर लिहिलं होतं. तिचे हात थांबले नाहीत.

"आमका म्हायत होता, मास्तरांनू," ती म्हणाली. "तुमी पल्याड उंडीखाली बसलेलात. आमी हयसून बघी होतव. तुमी येतलात म्हणान अंगण सारवलेला. वाटला, आता होडीत बसतलात, मगे बसतलात."

ती माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघत होती. मग म्हणाली, "बसा. धुवूक पाणी देतंय, पण खारा आसा हां."

नातीने फोन चुलीपासून जरा लांब, पाटावर ठेवला. एजंट मालवणीत विचारू लागला, बाईच्या आवाजात. माझेच शब्द त्या घरात ऐकू येत होते. बावीचं पाणी खारं कधीपासून? लगीन होवन इलंय तेवापासून, ती म्हणाली. पाणी कधी भरता? ओहोटीक. ती भाकरी उलटत उत्तरं देत होती, कुणा शेजारणीशी बोलावं तशी. शेवटचा प्रश्न त्याने आदल्या संध्याकाळी नव्याने घातला होता. नातीने तो मला आधी सांगितला नव्हता. पूर्वी पाण्याबद्दल विचारूक तुमच्याकडे कोण इलेलो काय?

उत्तरासाठी तीनच पर्याय होते. हो, नाही, माहीत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. तिने हो म्हटलं असतं तर ते मला सांभाळून घेणं झालं असतं. नाही म्हटलं असतं तर ते बरोबर ठरलं असतं.

"तरीपर्यंत इलेले," ती म्हणाली.

फोन क्षणभर थांबला. हे तीनपैकी एकातही बसत नव्हतं. मग तो आवाज म्हणाला, हे तुमच्याच शब्दांत लिहितंय, तरीपर्यंत इलेले. बरोबर?

"बरोबर. लिव गो बाय," म्हातारी त्या फोनला म्हणाली, "आणि लवकर आटप. माझी भाकरी करपतली."