चावऱ्या कासवाची वही

बाइंडरकाकांना कासव पहिल्यांदा चावलं ते एका मंगळवारी सकाळी, दुकान उघडून पाच मिनिटंही झाली नव्हती तेव्हा. उजव्या हाताचा अंगठा. काकांच्या तोंडून असा काही आवाज निघाला की समोरचा घड्याळवाला हातातलं काम टाकून धावला आणि वरच्या मजल्यावरून काकांच्या सासूबाई जिना उतरून आल्या.

"ओढू नका!" सासूबाई गरजल्या. तीस वर्षं शाळेत पीटी शिकवलेली बाई. त्यांचा आवाज ऐकला की अजूनही माणसं सावधानमध्ये उभी राहत. "हात खाली घ्या. त्याचे पाय जमिनीला टेकू देत. आता हलू नका."

काका वाकले. कासवाचे पाय फरशीला लागले, क्षणभर ते विचारात पडल्यासारखं थांबलं आणि मग त्यानं अंगठा सोडून दिला. दात नव्हतेच, नुसती चोच. पण चोचीनं आपलं काम चोख केलं होतं.

काका अठ्ठावन्न वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी बायको गेली, पण सासूबाई इथेच राहिल्या. जावई आणि सासू एका छपराखाली म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य, असं लोकांना वाटायचं. तसं काही नव्हतं. दोघं शांतपणे जेवत, शांतपणे पेपर वाटून घेत, आणि ती शांतता एव्हाना जरा जास्तच झाली होती. काका दिवसभर पुठ्ठे कापत, दोरा ओवत, मैद्याची खळ लावत आणि संध्याकाळी विचारलं तर "काही विशेष नाही" म्हणत.

अशात एक निवृत्त प्राध्यापिका आपला जुना शब्दकोश बांधायला घेऊन आल्या आणि जाताना कासव ठेवून गेल्या. त्या आपल्या मुलीकडे, सहाव्या मजल्यावर राहायला चालल्या होत्या. "फार गरीब आहे हो. कधी कुणाला चावलं नाही," असं त्यांनी शपथेवर सांगितलं. जेवणाच्या ताटाएवढं ते कासव. सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं ठोंब्या.

गरीब ठोंब्यानं त्या आठवड्यात काकांना आणखी तीनदा धरलं. शिवाय दुकानात येऊन त्यांच्या बुटांना धडका दिल्या, ठक ठक ठक. सासूबाईंना मात्र एकदाही नाही!

"माझ्याच वाटेला का जातो हा?" काका वैतागले. "मी काय घोडं मारलंय त्याचं?"

"रागावून तरी बघा एकदा," सासूबाई म्हणाल्या.

काकांनी पुढच्या वेळी त्याच्या नाकावर टिचकी मारली. ठोंब्या फुस्स करून कवचात गेला. त्या दिवसापासून काकांचा हात जवळ येऊ लागला की फुस्स, आणि अगदी जवळ आला की चोच.

शेवटी काका त्याला खोक्यात घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिशीतली बाई, बोलणं भराभर. टिचकीची गोष्ट ऐकताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"काका, शिक्षा त्याला कळत नाही. त्याला एवढंच कळलं की हात आला म्हणजे संकट आलं. कासव उगाच चावत नाही. भूक, भीती, दुखणं, हद्दीचं भांडण, नाहीतर गैरसमज. तुमच्याकडे यातलं काय आहे ते तुम्हीच शोधा. चावा कधी, कुठे, हाताला काय लागलं होतं, सगळं लिहून ठेवा. आणि जखम साबणानं नीट धुवा, दर वेळी."

लिहून ठेवा! बाइंडरला असं सांगायचं म्हणजे माशाला पोहायला सांगायचं. काकांनी त्याच दुपारी उरलेल्या कागदांची एक देखणी वही बांधली, आणि घरात तपास सुरू झाला.

काय दिवस होते ते! काका पहाटे उठून ठोंब्यासमोर पालथे झोपू लागले. धुतलेला हात लांबून दाखवला, ठोंब्या ढिम्म. खळ लावलेला हात दाखवला, मान सर्रकन बाहेर! काकांनी पुन्हा हात धुतला, पुन्हा दाखवला. ढिम्म. पुन्हा खळ. सर्रकन!

"आई!" काका जिन्यात ओरडले. "आई, सापडलं! खळ! मी त्याला मैद्याच्या वासाचा आहे! तो मला चावत नाही हो, तो मला खातोय!"

"अभिनंदन," वरून आवाज आला. पण सासूबाई चपला घालून खाली आल्याच. त्यांनाही राहवेना.

बुटांचं कोडं त्यांनी सोडवलं. काकांचे बूट काळे, गोल टोकाचे, पॉलिश केलेले. सासूबाईंनी एक बूट अंगणात एकटाच ठेवला. ठोंब्या तरातरा आला आणि रिकाम्या बुटाला धडकला. "दुसरा नर वाटतो त्याला!" सासूबाई टाळ्या पिटत म्हणाल्या. "जावईबापू, तुमच्या पायांत त्याचे दोन वैरी आहेत!" त्या दिवशी त्या घरात कितीतरी वर्षांनी दोन माणसं पोट धरून हसली.

मग शिस्त लागली. हातानं भरवणं बंद. पाला रोज ठरल्या वेळी, एका सपाट फरशीवर. कासवाजवळ जाण्याआधी हात धुवायचे. वरून झडप घालून उचलायचं नाही. बाजूनं, सावकाश, त्याला दिसेल असं जायचं. अंगणात जाड रबरी चपला, करड्या रंगाच्या. महिन्याभरात फुस्स थांबलं. दोन महिन्यांनी काका शेजारी बसले तरी ठोंब्या मान आत घेईना. वहीची पानं कोरी जाऊ लागली.

आणि एका सकाळी ठोंब्या सासूबाईंना चावला.

त्यांनी फक्त फरशीवर पाला ठेवला होता. बोट धुतलेलं, वास नाही, बूट नाहीत. काकांनी आधी त्यांचं बोट साबणानं धुतलं, पट्टी बांधली आणि मग वही उघडली. "हे कशातच बसत नाही, आई. भूक नाही. भीती नाही." ते पालथे झोपून बघू लागले. ठोंब्यानं पान तोंडात धरलं, चावलं, आणि पान तसंच खाली पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलं.

"दुखतंय त्याला," काका उठता उठता म्हणाले. "खोकं! खोकं कुठाय?"

दुकान तसंच उघडं टाकून काका निघाले. वाटेत त्यांना दर दोन मिनिटांनी खोक्यात डोकावल्याशिवाय चैन पडत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी ठोंब्याचा जबडा हलकेच उघडला, दिवा धरला आणि म्हणाल्या, "हा दोरा कसला?"

लाल, मेण लावलेला, पुस्तकं शिवायचा. जिभेच्या मुळाशी गुंडाळलेला. काकांनी तो लगेच ओळखला. लाल रंग दिसला की कासव तो फळ समजून तोंड लावतं, आणि दुकानाच्या फरशीवर तुकडे पडलेले असायचे. त्यांचेच.

"ओढून काढा ना!"

"मुळीच नाही. दुसरं टोक पोटात असेल तर आतडी फाटतील." आधी एक्स-रे झाला. आतडी कुठे आवळलेली दिसली नाहीत, म्हणजे दोरा पोटात गेला नव्हता. मग बाईंनी बारीक कात्रीनं वेढा कापला आणि चिमट्यानं दोरा उचलला, बोटाएवढा. काका स्टुलावर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"दोन दिवस उशीर झाला असता तर जीभ गेली असती," बाई म्हणाल्या. "चावला ते बरं झालं. आणि तुम्ही ते ओळखलंत, तेही."

चौथ्या दिवशी ठोंब्यानं अख्खं पान गिळलं. काकांनी ती बातमी समोर घड्याळवाल्याला दोनदा सांगितली. फरशीवरचे दोरे तेव्हापासून दर तासाला उचलले जातात.

पुढे डॉक्टरीणबाई चावरी कासवं पाळणाऱ्या लोकांना काकांकडे पाठवू लागल्या. परवा एक नवं जोडपं आलं. त्यांचं कासव नवरीच्याच पायांना चावतं, नवऱ्याकडे बघतही नाही. नवरी रडकुंडीला आलेली. काकांनी चष्मा लावला, खाली वाकले आणि तिच्या पायांकडे बघून त्यांचा चेहरा असा उजळला की बिचारी दोन पावलं मागे सरली.

"आई, लवकर या!" काका जिन्याकडे तोंड करून ओरडले. "दहाच्या दहा नखं लालभडक!"